ॲप बंद केल्यावर शेअर कुठे असतात?

सांगलीच्या गणपती पेठेत, हळदीच्या अडत दुकानांच्या वर एका शेअर दलालाचं ऑफिस आहे. खरं तर तो उपदलाल. बाजाराची नियामक सेबी, तिच्या नव्या भाषेत ‘अधिकृत व्यक्ती’. पेठेत त्यांना शेअरवाले काका म्हणतात. भिंतीला टेकून लोखंडी खुर्च्यांची रांग आणि समोर मोठा टीव्ही अजून तसाच आहे. एके काळी या खुर्च्यांसाठी रुसवेफुगवे व्हायचे. निवृत्त प्राध्यापक, एक-दोन डॉक्टर, तासगावकडचे द्राक्षबागायतदार, बँकेतली माणसं इथे येऊन बसायची. खालून चहा यायचा, आणि साडेतीनला बाजार बंद झाला की ‘आज काय खरं नव्हतं’ म्हणत सगळे जिना उतरायचे. मी गेले तेव्हा खुर्च्यांवर फायलींचे गठ्ठे होते.

“गिऱ्हाईक गेलं का हो?” मी विचारलं.

“गिऱ्हाईक कुठं जातंय? बाजारातच आहे, फकस्त माझ्याकडं नाही. ॲपवर आहे. आणि ॲपवर अडलं की येतंय माझ्याकडं. ‘काका, पैसे निघंनात.’ घालताना विचारलं नव्हतं, काढताना विचारतंय.”

संपादकांनी यंदाच्या अंकाला विषय दिला होता ‘भरवसा’. नात्यांतल्या भरवशावर लिहिणारे पुष्कळ असतील, म्हणून मी पैशाचा घेतला. मार्च २०२० च्या सुमारास देशात साधारण चार कोटी डीमॅट खाती होती. २०२५ मध्ये ती वीस कोटींच्या पुढे गेली. एकाची दोन-तीन खाती धरली तरी माणसं कोट्यवधी नवी आहेत, आणि गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला आहे. यातल्या बहुतेकांनी दलालाचं तोंड पाहिलेलं नाही. मुहूर्ताचे सौदेसुद्धा आता कुणी दलालाच्या पेढीवर पेढे खात करत नाही. २०२५ च्या लक्ष्मीपूजनाला तर ते संध्याकाळऐवजी दुपारी पावणेदोन ते पावणेतीन झाले, आणि ओळखीतल्या कित्येकांनी ते जेवणाच्या ताटावर बसून, डाव्या हाताने उरकले.

अशा माणसांचा प्रश्न एकच असतो: कुठलं ॲप चांगलं? त्याचं उत्तर दलालीचा दर, रंग आणि किती चांदण्या मिळाल्यात यांवर दिलं जातं. मला मात्र काकांच्या ‘निघंनात’ने पकडलं. पैसे नेमके निघतात कुठून? म्हणजेच, असतात कुठे?

हरिपूरची पेवं

काकांनी ते एका दमात सांगितलं. पूर्वी अडत्याचं दुकान पेठेत असायचं आणि हळद असायची हरिपूरला, जमिनीखालच्या पेवांत. अडत्या भांडला, दुकान बंद पडलं, तरी पेवातला माल ज्याच्या नावाचा त्याचाच. “तुमचं ॲप म्हणजे पेठेतलं दुकान. माल पेवात. पेव कुठलं ते आधी विचारा.”

शेअर बाजारात अशी पेवं दोनच: १९९६ मध्ये सुरू झालेली एनएसडीएल आणि १९९९ मधली सीडीएसएल. या दोन्ही डिपॉझिटरी मुंबईतल्या. झिरोधा असो, ग्रो असो, एंजल वन असो की तुमच्या बँकेची उपकंपनी, तुम्ही घेतलेला शेअर या दोहोंपैकी एकीच्या खातेवहीत तुमच्या पॅनखाली नोंदला जातो. म्युच्युअल फंडाचं थोडं वेगळं. तिथली नोंदवही फंड घराण्याच्या वतीने कॅम्स किंवा केफिनटेक या निबंधक कंपन्या ठेवतात. ॲप या नोंदवह्यांतलं वाचून तुम्हाला दाखवतं, आणि तुमचा हुकूम तिकडे पोचवतं. उद्या ॲप बनवणारी कंपनी बुडाली तर, सगळं नियमाप्रमाणे झालेलं असेल तर, शेअरला धक्का लागू नये. ‘नियमाप्रमाणे’ या शब्दावर बरंच अवलंबून आहे, त्याकडे येते.

ॲप पारखायची पहिली पायरी यातूनच निघते, आणि ती ॲपच्या बाहेर आहे. विश्रामबागला राहणाऱ्या एका निवृत्त मुख्याध्यापिकांकडे बसून आम्ही ती करून पाहिली. बाईंना पुण्याच्या भाच्याने ॲप घालून दिलेलं. “तो म्हणाला, आत्या, हिरवं दिसलं की चांगलं, लाल दिसलं की बघू नकोस. एवढंच शिक्षण.” त्यांच्या ईमेलमध्ये डिपॉझिटरीकडून आलेली एकत्रित विवरणपत्रं न उघडता पडली होती. ज्या महिन्यात व्यवहार झाला त्या महिन्याचं, नाहीतर सहा महिन्यांनी एक, अशी ती येत राहतात. पॅन टाकलं की उघडतात, आणि त्यात शेअर व म्युच्युअल फंड दोन्ही असतात. आम्ही एका हातात ते विवरणपत्र, दुसऱ्या हातात ॲप घेऊन ओळीओळीने ताडून पाहिलं. बाईंनी वही तपासायच्या सवयीने लाल पेन घेतलं होतं.

शेअर जुळले. फंडाचे युनिट जुळले. पण ॲपवर ‘शिल्लक’ म्हणून नऊ हजारांच्या आसपास रक्कम दिसत होती, तिचा विवरणपत्रात पत्ताच नव्हता. बाई दचकल्या. त्यात चूक काही नव्हती. ते रोख पैसे होते, आणि रोख डिपॉझिटरीकडे कधीच नसते. ती दलालाकडे असते. म्हणजे ॲपच्या एकाच पडद्यावर, एकाच ठशात दिसणाऱ्या दोन आकड्यांपैकी एक तुमच्या नावाच्या पेवात होता आणि दुसरा दुकानदाराच्या गल्ल्यात.

जाड पुस्तिकेवरच्या सह्या

गल्ल्यात आणि पेवात हात घालता येतो हे देशाला दाखवलं कार्वीने. हैदराबादची ही जुनी, मोठी दलाली पेढी. महाराष्ट्रातही तिच्या शाखा होत्या. खातं उघडताना ग्राहक एका जाड पुस्तिकेवर, खुणा केलेल्या जागी, सह्या करत जायचा. त्यांतली एक सही मुखत्यारपत्रावर असायची. त्या मुखत्यारपत्राचा आधार घेऊन कार्वीने ग्राहकांचे शेअर स्वतःच्या खात्यात वळवले आणि बँका-वित्तसंस्थांकडे गहाण ठेवून कर्ज उचललं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सेबीने अंतरिम आदेश काढला तेव्हा गैरवापराचा अंदाज दोन हजार कोटींच्या वर गेला होता. डिसेंबरात सुमारे ८३ हजार ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परत आले. ज्या बँकांकडे ते गहाण होते त्या कोर्टात गेल्या.

काकांचे दोन मोठे ग्राहक कार्वीचेही ग्राहक होते. “रोज यायचे, बसायचे, उठायचे. बोलायचे नाहीत. ॲपवर शेअर दिसायचे की. कार्वीच्या पडद्यावर शेवटपर्यंत सगळं ठीक होतं.”

आज आपल्याला ज्या गोष्टी कटकटीच्या वाटतात, त्यांतल्या बऱ्याचशा या प्रकरणातून आल्या. शेअर विकताना सीडीएसएलचा पिन आणि ओटीपी मागतात तो त्यासाठीच: दलाल तुमच्या परवानगीशिवाय पेव उघडू शकत नाही. सप्टेंबर २०२० पासून गहाण ठेवायचे शेअरही तुमच्याच खात्यात राहतात, आणि गहाणाची परवानगी डिपॉझिटरी थेट तुम्हाला विचारते. २०२२ पासून मुखत्यारपत्राच्या जागी ‘डीडीपीआय’ नावाचं मर्यादित अधिकारपत्र आलं. त्यावर सही केली की दर वेळचा ओटीपी टळतो, आणि दलालाला मिळतात ते मोजके अधिकार: तुम्ही विकलेला माल देणं, गहाण नोंदवणं वगैरे. वर्षातून दोनदा विकणाऱ्याने ही सही का करावी, हे मला कुणी पटवून देऊ शकलं नाही. खातं उघडताना मात्र ॲप ती शिफारस हिरव्या रंगात करतं आणि ‘नंतर पाहू’ हे फिकट राखाडी अक्षरांत खाली लिहितं.

रोख पैशांचंही कुंपण आवळलंय. २०२३ पासून ग्राहकांचे पैसे दलालाने दिवसअखेर, सौदे पुरे करून देणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे वर पाठवायचे असतात. ग्राहकांच्या पैशांवर बँक हमी काढून स्वतःचा धंदा करायची वाट बंद झाली. न वापरलेले पैसे तिमाहीला किंवा महिन्याला, तुम्ही निवडाल तसे, ठरल्या दिवशी तुमच्या बँकेत परत येतात. बाईंना मागे असे पैसे आले तेव्हा त्यांना वाटलं खातं बंद पडलं. मोठे दलाल बँक, डीमॅट आणि सौद्यांचं एकत्र खातं देत नसतील तर त्यांना आणखी एक सोय द्यावी लागते: आयपीओसारखे पैसे तुमच्याच बँक खात्यात यूपीआयने अडवून ठेवायचे, सौदा झाला तरच कापायचे. ॲपमध्ये ती सापडायला मला बराच वेळ लागला. त्याचं कारण तंत्रज्ञानात नाही, हिशेबात आहे. तुमचे झोपलेले पैसे दलालाकडे असले की त्यांवरचं व्याज त्याला मिळतं.

शून्य दलालीचा धंदा

आता हिशेबाकडे. कुठलंही ॲप कसं आहे हे कळायला ते कशावर जगतं हे पाहावं. पडद्यावरच्या बटणांच्या जागा तिथून ठरतात.

२०१० मध्ये बंगळुरात झिरोधा सुरू झाली आणि सौद्याच्या रकमेवर टक्केवारी घेण्याऐवजी तिने सौद्यामागे जास्तीत जास्त २० रुपये घ्यायला सुरुवात केली. २०१५ च्या शेवटी घरी ठेवायला घेतलेल्या शेअरवरची, म्हणजे डिलिव्हरीची, दलाली तिने शून्य केली. बाकीच्यांनी हा रस्ता कमीजास्त फरकाने धरला. मग पगार कशातून होतात? मुख्यतः वायद्यांतून, त्यातही ऑप्शनमधून. डिलिव्हरीवाला महिन्याला एक सौदा करतो, ऑप्शनवाला दिवसाला वीस. ग्रोची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१६ मध्ये ती निघाली म्युच्युअल फंडांपासून, ज्यांच्या ‘डायरेक्ट’ योजनांत ॲपला दमडी कमिशन नाही. शेअर दलाली आली २०२० मध्ये. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनी स्वतः बाजारात नोंदली गेली तेव्हा तिच्या उत्पन्नातला मोठा वाटा दलालीचा होता. म्हणजे फुकट फंडाच्या दारातून आत आलेला माणूस पुढच्या खोल्यांत किती फिरतो, त्यावर घर चालतं. यात बेकायदा काही नाही. फक्त आपण कुठल्या खोलीत उभे आहोत हे आपल्याला ठाऊक असावं.

हिंजवडीत एका संगणक कंपनीत काम करणारा तिशीतला मुलगा या पुढच्या खोलीत राहतो. तो मला त्याचा दिवस दाखवत होता. सव्वानऊच्या आधी ॲप उघडलं की एक चौकट येते: वायदे-ऑप्शनमध्ये, म्हणजे एफ अँड ओमध्ये, दहापैकी नऊ जणांना तोटा होतो. जुलै २०२३ पासून हा इशारा दाखवणं दलालांवर बंधनकारक आहे. त्याचा अंगठा चौकट पूर्ण उमटायच्या आधीच ‘समजलं’ या बटणाच्या जागी जाऊन थांबला होता.

“वाचलंस कधी?” मी विचारलं.

“पहिल्या दिवशी वाचलं असेल. मॅडम, ते दहावा कोण ते सांगत नाहीत ना!”

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात तीन आर्थिक वर्षांचा हिशेब आहे. एक कोटीहून अधिक व्यक्तिगत सौदेकऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात, माणशी सरासरी सुमारे दोन लाख, आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. नियम ज्या वर्षात आवळले त्या २०२४-२५ मध्येही तोट्यातल्यांचं प्रमाण ९१ टक्के राहिलं. या मुलाचा स्वतःचा हिशेब ॲपने फार सुबक काढला होता. ढोबळ नफा-तोटा मोठ्या अक्षरांत. दलाली, एसटीटी (रोखे व्यवहार कर), जीएसटी वजा जाता काय उरलं ते पाहायला तीन वेळा बोट लावावं लागलं. वरच्या पडद्यावर तो त्या तिमाहीत थोडा नफ्यात होता, खालच्या पडद्यावर तोट्यात. हा खालचा हिशेब वरच्या पडद्यावर दाखवणारं ॲप मिळालं, तर ती एक गोष्ट मी दलालीच्या दोन रुपयांपेक्षा मोठी मानेन.

छुप्या कमाईचं एक दार सेबीने ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद केलं. एक्स्चेंजची फी उलाढालीनुसार उतरत जायची. दलाल ग्राहकाकडून चढ्या दराने घ्यायचे आणि एक्स्चेंजला उतरत्या दराने द्यायचे. मधला फरक त्यांचा. आता सगळ्यांना एकच दर. त्यानंतर काही ॲपांची दरपत्रकं बदलली, म्हणून जुन्या तुलना वाचून निर्णय घेऊ नये.

आणि ‘शून्य’ म्हणजे शून्य नव्हे. दहा हजारांचे शेअर घेतले तर एसटीटी दहा रुपये, मुद्रांक शुल्क दीड रुपया. विकताना पुन्हा एसटीटी, शिवाय त्या कंपनीमागे डिपॉझिटरीचं शुल्क, जे बहुतेक ठिकाणी पंधरा-वीस रुपयांच्या घरात जातं. ते रकमेवर नसतं. पाचशेचा एक शेअर विका, नाहीतर पाच लाखांचे. खेळून पाहू म्हणून थोडे थोडे घेणाऱ्या आणि थोडे थोडे विकणाऱ्या नवख्याला हेच जड जातं.

हिंजवडीच्या मुलाने एक तक्रारही सांगितली. एका सकाळी त्याचं ॲप पाऊण तास अडकलं, सौदा उघडा, आणि गोल फिरणारं चक्र. असं झालं तर दलालाने ठरल्या वेळेत एक्स्चेंजला कळवायचं असतं. दलालाची यंत्रणा कोसळली तर ग्राहकाला निदान उघडे सौदे मिटवता यावेत म्हणून ऑक्टोबर २०२३ पासून एक्स्चेंजांनी ‘आयआरआरए’ नावाची पर्यायी वाट ठेवलीय, तिचा दुवा एसएमएसने येतो. त्याला हे माहीत नव्हतं. फोनवरून सौदा करायचा नंबर आहे हेही नाही. दिवसाला वीस सौदे करणाऱ्याकडे दलालाचा फोन नंबर नसावा, हे मला त्या चक्रापेक्षा जास्त भीतीदायक वाटलं.

काकांचा एक मुद्दा इथेच सांगून टाकते. डायरेक्ट योजनेत कमिशन वाचतं, ते खरंय. महिना दहा हजारांची एसआयपी वीस वर्षं केली आणि कमिशनपायी परतावा १२ ऐवजी ११ टक्के पडला, तर शेवटी बारा लाखांच्या वर फरक येतो. पण मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स २६ हजारांच्या खाली बंद झाला, त्या आठवड्यात आपण किती जणांना फोनवरून थांबवलं हे काका सांगू लागले. “ॲपनं थांबवलं असतं का? त्यानं ‘विका’चं बटण मोठं करून दिलं असतं.” अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात काकांचं कमिशन आहे, आणि ते त्यांनीही हसत मान्य केलं.

एकाच फळीवरचा माल

नोंदणी पाहा, असं सगळेच सांगतात. दलालाचा क्रमांक ‘आयएनझेड’ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने, फंड वितरकाचा ‘एआरएन’ने. पहिले दोन सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतात, एआरएन ॲम्फी या फंडांच्या संघटनेच्या. ठीक. पण नोंदणी कंपनीच्या त्या त्या कामाला असते, ॲपवरच्या प्रत्येक वस्तूला नसते.

एका ॲपवर म्युच्युअल फंडाच्या शेजारच्या चौकोनात ‘डिजिटल सोनं, दहा रुपयांपासून’ होतं. त्याच आकाराचं, त्याच ठशातलं. ८ नोव्हेंबर २०२५ रोजी सेबीला पत्रक काढून सांगावं लागलं की डिजिटल सोनं आमच्या देखरेखीखाली येत नाही. गोल्ड ईटीएफ येतात. म्हणजे शेजारच्या दोन चौकोनांत जमीन-अस्मानाचं अंतर. एकात गडबड झाली तर दाद मागायला नियामक आहे, दुसऱ्यात तुम्ही आणि कंपनी.

काही ॲपांनी मधल्या काळात माणसामाणसांतल्या कर्जाचा धंदा ‘कधीही काढा, इतके टक्के मिळवा’ अशा भाषेत विकला. जणू बचत खातंच. ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले: खात्रीचा परतावा आणि हवे तेव्हा पैसे, ही भाषा बंद. कर्जदाराने बुडवलं तर तोटा देणाऱ्याचा, हे मूळ वास्तव. हैदराबादच्या फाल्कन प्रकरणात तर बड्या कंपन्यांची येणी बिलं वटवायची म्हणून लोकांचे पैसे घेतले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पोलिसांनी सांगितलं की दाखवलेली बिलंच खोटी होती. गोळा केलेली रक्कम सुमारे १७०० कोटी.

आभासी चलनाचं बोलायचं तर जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवरून सुमारे दोन हजार कोटींचा ऐवज हॅकरांनी नेला. ग्राहकांचे व्यवहार थांबले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये, सिंगापूरच्या कोर्टातून मंजूर झालेल्या योजनेनंतर सुरू झाले. इथे पेव नव्हतंच. ग्राहकांचा माल प्लॅटफॉर्मच्याच व्यवस्थेत होता. पडद्यावर मात्र तोही शेअरसारखाच, हिरवा-लाल दिसायचा.

ज्यांचं सगळंच खोटं

काकांकडे ‘निघंनात’ म्हणत येणाऱ्यांतले बरेच जण कुठल्याच खऱ्या ॲपचे ग्राहक नसतात. त्यांची तऱ्हा इतकी ठरीव आहे की सायबर पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याने मला ती तक्रारदार बोलायच्या आधीच सांगितली, आणि मग तक्रारदार तेच बोलला. व्हॉट्सॲपचा गट. त्यात एक ‘प्रोफेसर’ आणि त्याची गोड बोलणारी सहायक. आठवडाभर फुकट टिपा, गटातले बाकीचे सभासद नफ्याचे फोटो टाकतायत. मग एक दुवा येतो आणि ॲप उतरवलं जातं, ‘परदेशी संस्थेच्या खात्यातून’ आयपीओ नक्की मिळेल म्हणून. तक्रारदार निवृत्त बँक अधिकारी होते. आयुष्यभर दुसऱ्यांची कर्जप्रकरणं तपासलेली.

“सुरुवातीला वीस हजार काढून पाहिले. आले हो बँकेत! मग मी पीएफचे घातले.”

पडद्यावर त्यांचे पैसे चौपट झाले होते. काढायला गेले तर आधी वीस टक्के कर भरा. कराचे भरले तर पडताळणीची फी.

हा बनाव ॲपच्या आत राहून ओळखता येत नाही. ती रचनाच तशी असते. अनेकदा नाव आणि नोंदणी क्रमांकही खऱ्या कंपनीचा चोरलेला असतो. पण बाहेर येऊन पाहिलं तर सगळं उघडं पडतं. खऱ्या सौद्याची कॉन्ट्रॅक्ट नोट चोवीस तासांत येते, एक्स्चेंजचा एसएमएस येतो, डिपॉझिटरीच्या विवरणपत्रात शेअर दिसतो. या गृहस्थांच्या ईमेलमध्ये यांतलं काहीच नव्हतं. नफ्यावरचा प्राप्तिकर दलाल आगाऊ मागत नाही. तो विवरणपत्र भरताना तुम्ही सरकारला देता. पैसे त्यांनी पाठवले ते दर वेळी वेगळ्या खात्यावर, एकदा एका किराणा दुकानाच्या नावावरसुद्धा. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत दलाल आणि फंडांना खास यूपीआय पत्ते मिळालेत. त्यांच्यात ‘@व्हॅलिड’ आणि त्याला जोडून बँकेचं नाव असतं, पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते, आणि ‘सेबी चेक’वर पत्ता पडताळता येतो. किराणा दुकानाला ते मिळणं शक्य नाही.

फसल्याचं कळताच १९३० वर फोन करायचा, पैसा पुढच्या खात्यांत फुटायच्या आत. हे गृहस्थ सोळा दिवसांनी आले होते. मुलांना कसं सांगायचं यात ते दिवस गेले.

बाहेर पडायचं दार

प्लॅटफॉर्मची खरी परीक्षा तीन वेळी होते: तक्रार करताना, माणूस गेल्यावर आणि खातं बंद करताना. जाहिरात या तिन्हींबद्दल गप्प असते.

तक्रारीचं आता बऱ्यापैकी मार्गी लागलंय. दलालाने ऐकलं नाही तर सेबीच्या ‘स्कोअर्स’वर तक्रार टाकता येते, एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या रूपात उत्तराला २१ दिवसांची मुदत आहे. तिथेही समाधान झालं नाही तर ‘स्मार्ट ओडीआर’वर समेट, मग लवाद. सगळं घरबसल्या. मात्र अर्ज करायचा तर पडद्याचे फोटो, तारखा, तक्रार क्रमांक हवेत. गप्पा मारणाऱ्या यंत्राशी झालेला संवाद जतन करू देत नाही, असं एक ॲप मला भेटलं. ते मी तिथल्या तिथे वजा केलं.

माणूस गेल्यावरचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. मिरजेच्या एका घरात नवरा गेल्यावर कळलं की त्याची तीन ॲप होती. फोनचं कुलूप मुलाने उघडलं, पण ॲपमध्ये शिरून शेअर विकणं योग्य नव्हे. खातेदार गेल्यावर ते खातं त्याच्या वतीने कुणी चालवायचं नसतं, वारसाच्या नावावर रीतसर हस्तांतर करून घ्यायचं असतं. तिथे पुन्हा नोंदवही कामाला आली: पॅनवरून एकत्रित विवरणपत्र काढलं, आणि तिन्ही खाती, शिवाय घरच्यांना माहीत नसलेले दोन फंड वर आले. एका खात्याला नॉमिनी होता, तिथलं काम लवकर झालं. उरलेल्या दोन खात्यांना वारस दाखला, शपथपत्रं, नोटरी.

नॉमिनी म्हणजे मालक, असं ॲपवर नाव भरताना वाटतं. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगांवकर यांच्या मागे त्यांच्या गुंतवणुकीवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ते स्पष्ट केलं: नॉमिनीला शेअर मिळतात ते सांभाळायला, मालकी वारसा हक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. मार्च २०२५ पासून दहापर्यंत नॉमिनी नेमता येतात. ॲप त्या चौकटी भरून घेतं, मृत्युपत्राचं नाव काढत नाही. ते त्याचं कामही नव्हे.

राहिलं खातं बंद करणं. लेखासाठी मी एका ॲपवर खातं उघडलं होतं. आधार, पॅन, सेल्फी, स्क्रीनवर बोटाने केलेली सही, आणि चहा निवायच्या आत मी गुंतवणूकदार झाले होते. बंद करायचा रस्ता मात्र ‘मदत’, त्यात ‘खाते’, त्यात ‘इतर विनंत्या’ असा होता. शेअर आधी दुसऱ्या डीमॅटमध्ये न्यावे लागतात. सगळेच्या सगळे आपल्याच नावाच्या दुसऱ्या खात्यात न्यायचे असतील आणि हे खातं बंद करायचं असेल, तर त्याला शुल्क नाही. ही सवलत ॲपने सांगितली नाही, मला काकांनी सांगितली होती. कारण निवडायच्या यादीत ‘दलाली जास्त’, ‘ॲप संथ’, ‘दुसरं खातं आहे’ असे पर्याय होते. मी ‘इतर’ निवडलं. खाली चौकट उघडली, तिच्यात ‘लेख लिहून झाला’ असं खरं ते लिहिलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. मुलगी मराठी होती, आवाजावरून विदर्भातली वाटली.

“मॅडम, कारण काही समजलं नाही आम्हाला. काही तक्रार आहे का जी?”

मी म्हटलं, तक्रार नाही, फक्त बंद करायचंय.

“बंद कायले करता मॅडम? तुमचं एफ अँड ओ चालूच नाही दिसत इथं. चालू करून देऊ का? पहिला महिना दलाली माफ आहे.”